न जळणाऱ्या कचऱ्याचा शनिवार

शनिवारी सकाळी सायकल काढायला गुणवंत शेलार खाली उतरला, तेव्हा कचऱ्याच्या कट्ट्यावर, कावळ्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून टाकतात त्या निळ्या जाळीखाली, त्याचे खांदे पडले होते. त्याचे म्हणजे अमेरिकन फुटबॉल खेळताना अंगावर चढवायचे ते. वरून कडक प्लॅस्टिक, आतून फोम, आणि फोमला इतक्या वर्षांच्या घामाचा पिवळा नकाशा. बाकीचा सगळा कचरा गाडी घेऊन गेली होती. न जळणाऱ्या कचऱ्याचा वार होता, त्यामुळे फुटक्या बश्या, बिघडलेले पंखे, कुणाचा तरी बंद पडलेला राइस कुकर असलं सगळं नियमाप्रमाणे मार्गी लागलं होतं. खांदे तेवढे राहिले होते आणि त्यांच्या छातीवर एक पिवळा स्टिकर होता. जपानी येवो न येवो, तोक्योतल्या निशी-कसाईत राहणाऱ्या प्रत्येक भारतीयाला हा स्टिकर वाचता येतो: ही वस्तू आज इथे टाकता येत नाही, आकारानं मोठी आहे, आधी फोन करा, तारीख घ्या, तिकीट आणून चिकटवा, मग टाका. गुणवंतला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचे असतील. या इमारतीत हा खेळ खेळणारा दुसरा कुणी असण्याची शक्यता किती, हा हिशेब त्यानं केला नाही. माणूस स्वतःचं प्रेत बघतानाही आधी शेजारच्याकडेच बघत असणार. मग पाठीवरची काळ्या मार्करनं काढलेली अक्षरं दिसली. शेलार, चौसष्ट. अक्षरं त्याच्या मुलीची, ओवीची होती. पहिलीत असताना तिनं जीभ दातांत धरून ती काढली होती. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. हेल्मेट दिसत नव्हतं. म्हणजे हेल्मेटही इथे ठेवलं गेलं होतं, पिशवीत मावलं होतं, आणि पालिकेला त्यात काही चूक आढळली नव्हती.

इमारतीचे रखवालदार ओता-सान झाडत होते. खांद्यांच्या भोवतीनं त्यांनी इतका नीट झाडू फिरवला होता, की ते देवळातली एखादी वस्तू असावेत असं वाटत होतं. गुणवंतला बघून ते कमरेत वाकले आणि म्हणाले, फार उकडतंय. गुणवंतही वाकला आणि म्हणाला, फार उकडतंय. त्याला येणाऱ्या जपानीपैकी हे एक वाक्य अस्सल होतं. ओता-सान खांद्यांकडे बघत नव्हते. न बघण्याचं हे काम ते मन लावून करत होते. आता खांदे उचलून घरी न्यावेत तर ते आपले आहेत हे कबूल करावं लागणार, आणि आपण कचरा चुकीचा टाकला हेही. त्या क्षणी गुणवंतला, खरं सांगायचं तर, दुसऱ्या गोष्टीचीच जास्त लाज वाटली. सायकलचं कुलूप उगाच उघडून पुन्हा लावून तो जिना चढायला लागला. उद्या रविवार. उद्या अराकावा नदीकाठच्या मैदानावर नव्या हंगामाची शेवटची निवड होती, आणि त्याचे खांदे खाली उन्हात कुणीतरी परत नेण्याची वाट बघत होते.

जिन्यात त्याचा डावा गुडघा वाजला. हा गुडघा पोलंडचा, तिथे खेळताना गेलेला. उजव्या हाताची वाकडी करंगळी ऑस्ट्रियाची, आणि मानेतून अंगठ्यापर्यंत उतरणारी मुंगी कुठली हे नक्की सांगता येत नसे. बहुधा ती सगळीकडची होती. सांगलीच्या कॉलेजात तो गोळाफेक करायचा. तेव्हा बालेवाडीला एक अमेरिकन प्रशिक्षक आला, भारतात अमेरिकन फुटबॉलची लीग काढायची म्हणून. त्यानं गुणवंतच्या दंडाला बैल निवडतात तसा हात लावून पाहिला आणि म्हणाला, हा चालेल. कसला खेळ, काय नियम, कुणाला ठाऊक नव्हतं. पण गुणवंतच्या आयुष्यात त्याला कुणी पहिल्यांदाच ‘हा चालेल’ म्हटलं होतं. लीग एक हंगाम चालली. सामने रिकाम्या स्टेडियममध्ये खेळायचे आणि टीव्हीवर दाखवताना वरून टाळ्या चिकटवायच्या, अशी पद्धत होती. त्यामुळे गुणवंतनं आपल्यासाठी वाजलेल्या टाळ्या मैदानावर कधी ऐकल्या नाहीत. सगळ्या घरी, सोफ्यावर बसून, वडिलांबरोबर ऐकल्या. वडील शिक्षक. त्यांनी दोन भाग बघितले आणि विचारलं, “चेंडू कुठाय?” चेंडू दुसरीकडे होता. गुणवंतची जागा अशी होती, की चेंडूला हात लावायची त्याला परवानगीच नव्हती. समोरचा आडदांड माणूस मागच्या आपल्या माणसापर्यंत पोचू नये म्हणून त्याला धडकायचं, धरून ठेवायचं, पडलं तर त्याला घेऊन पडायचं. मागचा माणूस चेंडू फेकायचा, टाळ्या त्याच्या. लीग बुडाल्यावर मग पोलंडचा दुसऱ्या दर्जाचा संघ, जिथे गॅरेजच्या माळ्यावर राहायला जागा होती. मग ऑस्ट्रियात एक गाव, जिथे खेळाडू दिवसा सफरचंदं खोक्यात भरायचे. अश्लेषाच्या घरी स्थळ गेलं तेव्हा बायोडेटात लिहिलं होतं, व्यावसायिक फुटबॉलपटू, युरोप. यातला एकही शब्द खोटा नव्हता. लग्नानंतर अश्लेषाला तोक्योत सॉफ्टवेअरची नोकरी मिळाली आणि गुणवंत तिच्या व्हिसाच्या शेपटीला धरून आला. इथे जपानमध्ये त्यानं शोधून शोधून तिसऱ्या पायरीवरचा एक संघ काढला. ऑफिसांना जेवणाचे डबे पुरवणाऱ्या कंपनीचा संघ. सामना झाला की प्रत्येकाला एक डबा, आणि जिंकला तर त्यात तळलेली कोळंबी.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत धीरज नावाचा एक बँकेतला माणूस दर वर्षी तोच विषय काढायचा. “काय शेलार, यंदा गोल किती?” “आमच्यात गोल नसतो.” “मग पेनल्टी?” “मी चेंडूला हात लावत नाही.” “हात नाही तर नाही, पाय?” “पायही नाही.” “अगं अश्लेषा, मग हा तिथे जाऊन नक्की करतो काय?” अश्लेषा प्रसादाच्या वाट्या लावत होती. मान वर न करता म्हणाली, “आडवा येतो.” लोक हसले. गुणवंतही हसला, त्याचं हसू मोठ्या माणसांचं असतं तसं उशिरा सुरू होऊन उशिरापर्यंत चालायचं. रात्री पलंगावर त्यानं विचार केला, की खेळाची इतकी अचूक व्याख्या अमेरिकन प्रशिक्षकालाही करता आली नव्हती. अश्लेषाचं हे असंच. तिचं सगळं अचूक. जपानीची वरची परीक्षा पास झालेली, ऑफिसात क्लायंट दहा मिनिटं बोलला तर ती एका वाक्यात सांगायची, ‘नाही म्हणतायत’. सुरुवातीला एकदा ती मैदानावर आली होती. प्रशिक्षक कुरिहारा-सान बराच वेळ हसतमुखानं काहीतरी बोलले. गुणवंतनं विचारलं, काय म्हणाले? अश्लेषा म्हणाली, “तुझा चांगुलपणा त्यांना फार आवडला, आणि तू स्लो आहेस.” त्यानंतर गुणवंतनं तिला नेलं नाही. तो ओवीला न्यायला लागला.

ओवी तेव्हा बालवाडीत होती आणि तिची जपानी आईपेक्षा पुढे पळत होती. सोपं पडायचं. हातात ज्यूसचा डबा घेऊन ती कुरिहारा-सानांच्या कमरेपाशी उभी राहायची, ते उकिडवे बसून तिच्याशी बोलायचे, ती मान हलवायची आणि मग वळून बापाला सांगायची. “ते म्हणतात, तू भिंत आहेस.” “ते म्हणतात, तू पडलास तरी छान पडतोस.” “ते म्हणतात, तुझ्यामागे सगळ्यांना सुरक्षित वाटतं.” गुणवंत तिला ते पुन्हा म्हणायला लावायचा. सांगलीपासून पोलंडपर्यंत असं कुणी बोललं नव्हतं. मग हळूहळू सगळीकडे ओवीच. वॉर्ड ऑफिसात ओवी, दातांच्या डॉक्टरांकडे ओवी. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो दिव्यासमोर धरला, तेव्हा खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवून तीच म्हणाली होती, “बाबा, ते म्हणतात तुझा गुडघा आजोबांचा आहे.” डॉक्टर आणखी बरंच काही बोलले होते. मानेच्या दुसऱ्या फोटोत मणक्यांवर त्यांनी पेन्सिल टेकवली होती, दोनदा. “आणि?” गुणवंतनं विचारलं होतं. ओवीनं थोडा विचार केला. “आणि दूध पी म्हणतात.” तो रोज दूध प्यायला लागला.

दार उघडून तो आत आला. ओवी जमिनीवर पालथी पडून सुट्टीचा अभ्यास करत होती, शाळेनं वाढवायला दिलेल्या कुंडीतल्या वेलाचं चित्र. अश्लेषा ओट्याशी वरून घालायचा कांदा चिरत होती. पोह्यांचा वास होता. तसाच वास दोन आठवड्यांपूर्वीही होता आणि गुणवंत तसाच टेबलाशी बसला होता, तेव्हा त्याचा फोन वाजला होता. कुरिहारा-सान. त्यानं नेहमीप्रमाणे फोन न उचलताच ओवीकडे सरकवला, ‘बोल गं’ म्हणून, आणि लिंबू पिळून घेतलं. ती हो हो म्हणत होती, मध्ये एकदा तिनं त्याच्याकडे पाहिलं होतं. त्या बघण्याची त्याला आता आठवण आली. तेव्हा त्यानं तिच्यासाठी पोह्यांचा घास भरून पुढे केला होता, आणि तिनं मान हलवून नको म्हटलं होतं. फोन ठेवल्यावर त्यानं विचारलं, काय म्हणाले? “उन्हाळा फार आहे,” ओवी म्हणाली, “तब्येतीची काळजी घ्या म्हणाले.” आणि त्याला वाटलं होतं, केवढा मोठा माणूस, स्वतः फोन करतो.

“खाली माझे पॅड आहेत,” गुणवंत म्हणाला. कांदा चिरण्याचा आवाज थांबला नाही, पण बारीक झाला. “कचऱ्यात. स्टिकर लावून. कुणी ठेवले?”

“गाडीवाले ठेवून गेले का ते?” अश्लेषानं विचारलं. “ओवी, तुला म्हटलं होतं ना, मोजून घे.”

“मोजलं होतं,” ओवी वेलाला हिरवा रंग देत म्हणाली. “दुमडल्यावर बसत होते. मग ते परत उघडले.”

“तू ठेवलेस?”

“हेल्मेट बसलं,” ती म्हणाली. हे तिनं जरा अभिमानानं सांगितलं.

गुणवंत खाली बसला. एवढा मोठा माणूस एकदम खाली बसला की त्या घरातली भांडी किणकिणायची, तशी ती किणकिणली. उद्या सिलेक्शन आहे हे तुला माहीत नाही का, असं काहीतरी तो म्हणाला, आवाज चढवून. ओवीनं रंगपेटीतल्या कांड्या सारख्या केल्या. तिला ओरडलं की ती जपानी व्हायची. चेहरा गुळगुळीत, हात मांडीवर. जपानीतच ती काहीतरी पुटपुटली.

“मराठीत बोल.”

“उद्या नाहीये,” ती म्हणाली. “म्हणजे आहे. तुझं नाहीये. कुरिहारा-सान म्हणाले, यंदा नाही. विद्यापीठातली नवीन मुलं आलीत. इतकी वर्षं आभार, असं बाबांना नीट सांग म्हणाले.”

“मग सांगितलं का नाहीस?”

ओवीनं त्याच्याकडे पाहिलं. खरोखरच न कळल्यासारखं. “तू जेवत होतास ना.”

आणि मग, जणू मुद्दा अपुरा राहिला म्हणून, “नंतर तू रोज पळायला जायला लागलास. मग कसं सांगणार? मला वाटलं, सामान नसलं की तू जाणार नाहीस.”

गुणवंतनं अश्लेषाकडे पाहिलं. तिनं कढई खाली उतरवली, गॅस बंद केला, हात पुसले. “मला त्याच दिवशी सांगितलं तिनं,” ती म्हणाली. “मी म्हटलं, तू सांगू नकोस, त्याला मैदानावरच कळू दे. दर वेळी आम्हीच का? बायको म्हणून मी कॉन्ट्रॅक्ट सही केलंय, स्पोर्ट्स एजंट म्हणून नाही. आणि दोन आठवडे तू खूश होतास. साखरेचा चहासुद्धा सोडलास. मला काय, बघायला बरं वाटत होतं. मग ती सामान टाकते म्हणाली, तर मी अडवलं नाही.”

ते बोलणं पूर्ण ऐकलं जाण्याआधीच गुणवंत दुसरीकडे पोचला होता. तू भिंत आहेस. हे कुणी म्हटलं होतं? कुरिहारा-सान, उन्हानं रापलेला, तुटक बोलणारा, डबे पुरवणाऱ्या कंपनीत गाड्यांचं वेळापत्रक लावणारा माणूस. तो म्हणाला असेल, तू भिंत आहेस? तू पडलास तरी छान पडतोस? बालवाडीत ओवीकडे एक चित्रांचं पुस्तक होतं, त्यात एक अस्वल गावाच्या वेशीवर बसायचं आणि त्याच्यामागे सगळ्या सशांना सुरक्षित वाटायचं. ते पुस्तक तो तिला रात्री चित्रं बघून मराठीत वाचून दाखवायचा, मनाला येईल तसं; त्यात काय लिहिलंय हे त्याला कुठे ठाऊक होतं. म्हणजे त्यानं तिला जे बनवून सांगितलं, तेच तिनं त्याला. त्यानं एकेक हंगाम बाहेर काढून उजेडात धरला, हाडांचे डॉक्टर धरायचे तसा, आणि प्रत्येकावर ज्यूसच्या डब्याचा चिकट ठसा होता. जपानमधली त्याची सगळी कारकीर्द एका लहान मुलीनं, बाप जेवत असताना, बापाला वाईट वाटू नये म्हणून रचलेली होती. वरून चिकटवलेल्या टाळ्या. सोफ्यावर बसून ऐकलेल्या. आणि दूध. दूध पी म्हणतात. मणक्यांवर टेकवलेल्या त्या पेन्सिलीचा आवाज त्याला आता ऐकू आला, टक, टक, आणि मानेतली मुंगी अंगठ्यापर्यंत चालत गेली.

इतकं कळल्यावर माणसानं काय करावं? उठून मुलीला जवळ घ्यावं, हे कुणीही सांगेल. गुणवंतलाही ते सुचलं. त्याचा हात थोडा पुढेही झाला. पण मग तोच हात खिशातल्या फोनकडे वळला.

“लाव,” तो म्हणाला. “कुरिहारा-सानांना लाव.”

“बाबा, त्यांची सुट्टी असते शनिवारी.”

“लाव म्हणतो ना. आणि स्पीकरवर ठेव.”

“गुणवंत,” अश्लेषा म्हणाली, “नऊ वर्षांची आहे ती. एवढंच असेल तर मला दे, मी बोलते. दोन मिनिटांत काय ते स्पष्ट होईल.”

“तू नको,” तो पटकन म्हणाला. इतकं पटकन, की तिघांनाही ते कळलं. अश्लेषाला विचारलं की उत्तर मिळतं. म्हणून तिला विचारायचं नसतं. हे त्याला काही आज समजलेलं नव्हतं. ज्यूसचा पहिला डबा त्यानं विकत घेतला होता तेव्हाच, दुकानाच्या थंड कपाटापुढे उभं असताना, समजलं होतं. अश्लेषा त्याच्याकडे बघत राहिली आणि मग हसली, गणपतीत लोक हसायचे तशी, आणि पोहे ताटलीत काढायला लागली.

ओवी उभी राहिली. फोनवर मोठ्या माणसांशी बोलायचं तर उभं राहायचं, असं तिला शाळेनं शिकवलं होतं. घंटा वाजली आणि कुरिहारा-सानांचा आवाज स्वयंपाकघरात आला, मागे टीव्हीवर बेसबॉल चालू होता. ओवीनं आधी सुट्टीत त्रास देत असल्याबद्दल माफी मागितली. तेवढं गुणवंतला कळलं. “सांग त्यांना,” तो म्हणाला, “की माझं वजन कमी झालंय. सांग, मी राखीव बसेन. सांग, डबापण नको.” ओवी बोलली. बोलताना ती वाकत होती. समोर कुणी नव्हतं, फ्रीज होता, त्याच्यावर कचऱ्याचं वेळापत्रक चिकटवलेलं. त्या फ्रीजसमोर ती दोन वेण्या पुढे पडतील इतकी वाकत होती आणि सरळ होत होती. ‘डबापण नको’ला ती सगळ्यात जास्त वाकली. पलीकडे बेसबॉलचा आवाज कमी झाला. श्वास दातांतून आत ओढल्याचा आवाज आला, मग ते बोलले, हळू, लहान मुलाशी बोलतात तसं. ओवी हो म्हणाली. पुन्हा हो म्हणाली. फोनवर हात ठेवून तिनं वळून बापाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उजळला होता.

“ये म्हणतात, बाबा! उद्या ये म्हणतात.”

गुणवंत उठला. भांडी किणकिणली.

“सगळं सांग,” अश्लेषा ताटलीवर खोबरं पसरत म्हणाली.

“ये म्हणतात,” ओवी पुन्हा म्हणाली, आता आईकडे न बघता. “नवीन मुलांना... नवीन मुलांना धडकायला कुणीतरी लागतं. समोर. पळायचं नाही, काही करायचं नाही. नुसतं उभं राहायचं आणि ती येऊन धडकणार. म्हणाले, बाबांना मनापासून यायचंच असेल तर.” तिनं क्षणभर विचार केला. जुना विचार, डॉक्टरांच्या खुर्चीवरचा. “तुझ्यासारखं उभं राहायला दुसऱ्या कुणाला जमत नाही म्हणाले.”

अश्लेषानं खोबऱ्याची वाटी झाकली. हे शेवटचं वाक्य पलीकडून आलं होतं की नाही, हे त्या स्वयंपाकघरात ओवीखेरीज तिला एकटीला माहीत होतं, आणि गुणवंत तिच्याकडे पाठ करून उभा होता. खाली रस्त्यावर ओता-सानांचा झाडू चालू होता. फोनमधून कुरिहारा-सानांनी विचारलं, हॅलो? गुणवंतनं पोह्यांची ताटली जवळ ओढली. एक घास घेतला. मीठ कमी होतं.

“विचार त्यांना,” तो म्हणाला, “हेल्मेट त्यांच्याकडचं मिळेल का. माझं गेलं.”

ओवी फ्रीजकडे वळली आणि वाकली.